घंटा वाजली, पण मात्रा?

हृदयाची निकामी झडप काढून धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ‘पातळ’ हा आपला बोलण्यातला शब्द. वस्तुतः रक्त पातळ होत नाही, त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. गोळ्या चुकत गेल्या तर झडपेवर गुठळी धरून पक्षाघाताचे भय. अधिक झाल्या तर मेंदूत रक्तस्रावाचे. अशा गोळीची आठवण खिशातल्या स्मार्टफोनने करून द्यावी, ही कल्पना स्वागतार्हच आहे. मात्र तिच्यावर किती विसंबावे, हे पाहावयास हवे.

१९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आलेले वॉरफरिन १९५४ पासून माणसांसाठी औषध ठरले. द्रव्य तेच, फरक मात्रेचा. आणि ही मात्रा कायमची ठरून गेलेली नसते. रक्ताची ‘आयएनआर’ चाचणी करून ती पुनःपुन्हा ठरवावी लागते. पालक-मेथी एकाएकी फार खाल्ली तर गोळीचा प्रभाव उतरतो. काही प्रतिजैविकांनी तो चढतो. म्हणून सोमवारी अख्खी, मंगळवारी अर्धी असे कोष्टक डॉक्टर लिहून देतात, आणि पुढच्या चाचणीनंतर ते बदलतात. फोनला हे कोण सांगणार? तो बिचारा गेल्या महिन्याचेच कोष्टक इमानाने घोकत राहतो! रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांची मात्रा अशी वरचेवर बदलत नाही व त्यांचा प्रभाव दिवसभरात ओसरतो. तेथे वेळेची घंटा खरोखर उपयोगाची. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

शिवाय घंटा बंद केली म्हणजे गोळी घेतली असे नव्हे. घरात फोन एकच असेल, तर ती एस.टी.त बसलेल्या मुलाच्या खिशात वाजते आणि आई घरी, ‘घेतली की नाही’ या संभ्रमात दुसरी गोळी घेऊन मोकळी होते.

तेव्हा ही जबाबदारी रुग्णाच्या गळ्यात टाकून चालणार नाही. जे रुग्णालय मात्रा बदलते, त्यानेच ती बदललेली मात्रा आणि पुढील चाचणीची तारीख त्याच दिवशी मराठीत फोनवर नोंदवून द्यावी. तीच कागदी कार्डावरही लिहावी. तारीख उलटूनही रुग्ण आला नाही, तर रुग्णालयातून माणसाने फोन करावा, आणि तो कोणी करावयाचा त्याचे नाव त्या कार्डावर असावे.