कंपनीचा अधिक महिना

परवा आमच्या कामाच्या मावशींनी भांडी घासता घासता फोन पुढे केला. "ताई, बघा ना जरा, फोनच लागत नाही. आत्ताच तर महिन्याचा मारला होता!" बघितलं, तर रिचार्ज संपलेला. मावशींच्या हिशोबाने महिना व्हायला अजून दोन दिवस होते, आणि त्यांचा हिशोब बरोबर होता. नेरुळमधल्या चार घरांचा पगार महिन्याने, खोलीचं भाडं महिन्याने, भिशीसुद्धा महिन्याने. मोबाइल कंपनीचा महिना तेवढा २८ दिवसांचा!

२८ गुणिले १३ म्हणजे ३६४. थोडक्यात, वर्षाला तेरा रिचार्ज. १९९ रुपयांचा पॅक धरला तर २,३८८ ऐवजी २,५८७ रुपये. आपला अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि निदान जावयाला अनारसे तरी मिळतात. कंपनीचा दरवर्षी येतो, तोही गुपचूप. तीन महिन्यांचा म्हणून आपण जो पॅक घेतो तो नीट बघा, ८४ दिवसांचा असतो.

आता कुणी म्हणेल, पॅकवर २८ दिवस स्पष्ट लिहिलेलं असतं, फसवणूक कसली? मान्य. पण माझा राग दोनशे रुपयांवर नाहीच. १ जानेवारीला रिचार्ज केला की पुढचा २९ जानेवारीला, मग २६ फेब्रुवारी, २६ मार्च, २३ एप्रिल... तारीख मागे मागे सरकते आणि नेमकी हातात पैसे नसलेल्या दिवसांवर येऊन बसते. तेव्हा रिचार्ज राहिला तर काही दिवसांत इनकमिंगही बंद. आणि मावशींना नवीन काम मिळतं ते इनकमिंगवरच.

इनकमिंगवरून बाबांचं 'लाइफटाइम' आठवलं. २००५च्या डिसेंबरात ९९९ रुपयांत आयुष्यभर इनकमिंग अशा जाहिराती झळकल्या, आणि बाबांनी मोठ्या हौसेने ते कार्ड घेतलं. २००६मध्ये ट्रायने खुलासा केला, लाइफटाइम म्हणजे कंपनीचं लायसन्स असेल तोवर. म्हणजे आयुष्य बाबांचं नव्हे, लायसन्सचं! पुढे २०१८च्या नोव्हेंबरात दर २८ दिवसांना किमान ३५ रुपये भरा, नाहीतर सेवा बंद, असे मेसेज लोकांना यायला लागले. बाबा तो मेसेज दोन दिवस सगळ्यांना वाचून दाखवत होते.

ट्राय काहीच करत नाही असं नाही. जानेवारी २०२२मध्ये त्यांनी आदेश काढला, प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा निदान एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. निदान एक! बाकीचे खुशाल २८चे. डिसेंबर २०२४मध्ये नेट नको असलेल्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचे पॅक सक्तीचे केले. ते आले, पण पुन्हा ८४ दिवसांचे आणि ३६५ दिवसांचे. मावशींनी वर्षाचे पैसे एकरकमी कुठून आणायचे?

असो. मावशींच्या फोनसाठी त्याच तारखेचा प्लॅन शोधायला मला अ‍ॅपमध्ये वीस मिनिटं लागली. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याला तर तो ठाऊकच नव्हता. "असा पण असतो काय?" म्हणाला. मावशींनी मात्र एकच विचारलं, "पाच तारखेला जमेल ना? तोवर सगळ्यांचे पगार येतात."