भाजीच्या वाफ्यात फुलं

मैत्रिणींनो, नन्सचा सिनेमा म्हटलं की आपल्याला 'साउंड ऑफ म्युझिक'च आठवतो. मुलाबाळांना घेऊन पाहावा असा तो आहेच. पण आज सांगतेय तो सिनेमा मुलं झोपल्यावर पाहायचा. 'ब्लॅक नार्सिसस', १९४७ सालचा. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीने रूमर गॉडेन यांच्या कादंबरीवरून काढलेला.

कलकत्त्याहून पाच गोऱ्या नन्स दार्जिलिंगकडच्या डोंगरात शाळा आणि दवाखाना काढायला येतात. राहायला कड्याच्या टोकावरचा जुना महाल. एके काळचा जनानखाना तो! भिंतींवर अजून बायकांची चित्रं, आणि वारा म्हणाल तर अष्टौप्रहर घोंगावणारा.

यातली माझी लाडकी म्हणजे सिस्टर फिलिपा. तिच्याकडे काम बागेचं. चारचौघींच्या पोटापाण्यासाठी भाजीपाला लावायचा, एवढंच. पण त्या डोंगरांकडे बघता बघता बाईला विसरलेलं सगळं मागचं आयुष्य आठवू लागतं. ते दाबायला ती मर मर राबते, हाताला घट्टे पाडून घेते. आणि वाफ्यांतून उगवतात काय, तर फुलं! नुसती फुलंच फुलं. फ्लोरा रॉबसनने हे इतकं शांतपणे केलंय की आपलाच घसा दाटून येतो. चूक कळल्यावर ती रडतभेकत नाही, स्वतःच बदली मागून घेते. या जागेत आपला जीव फार गुंतला, एवढंच तिचं कारण.

माहेर सोडून आलेल्या बाईला हे वेगळं समजवायला नकोच. भाजी निवडताना मन कुठे कुठे जाऊन येतं, ते आपलं आपल्याला ठाऊक.

मुख्य नन क्लोडा, म्हणजे डेबोरा कर. वरून करारी, पण प्रार्थनेला उभी असतानाही तिला आयर्लंड आठवतं, आजीचे पाचूचे दागिने आठवतात, आणि जो तिला टाकून अमेरिकेला निघाला तोही. सिस्टर रूथची गोष्ट मात्र भीतीची. ती झगा टाकून लाल पोशाख घालते आणि क्लोडासमोर बसून ओठांना लाली लावते. मधे एक मेणबत्ती जळतेय. तो प्रसंग मी कितीदा पाहिलाय, तरी अंगावर काटा येतोच.

आता गंमत ऐका. हा हिमालय खोटा आहे! सगळं चित्रीकरण इंग्लंडात झालं, बरंचसं पाइनवुड स्टुडिओत. दऱ्याखोरी म्हणजे काचेवर रंगवलेली चित्रं. रंगीत छायाचित्रणासाठी जॅक कार्डिफला आणि कलादिग्दर्शनासाठी आल्फ्रेड युंगला ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

खटकतं तेही सांगायला हवं. जीन सिमन्सला तपकिरी रंग फासून पहाडी मुलगी केलीय, ते काही केल्या पटत नाही. शेजारी आपला म्हैसूरकडचा साबू असताना तर नाहीच नाही. गावकऱ्यांनाही अगदी अडाणी ठरवून टाकलंय.

तरीही पाहाच. फोनवर नको, मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर, दिवे मालवून. आणि पाचांपैकी कुठली सिस्टर तुम्हाला जवळची वाटली, ते पत्राने जरूर कळवा.