चाळणीनं पीक येत नाही

मंडळी, आज कोडवर काही नाही, फुटबॉलवर लिहितोय. कंटाळा येत असेल तर पुढच्या शनिवारी भेटू :-)

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला 1-0 नं हरवलं. त्याच्या आधी, 14 ऑक्टोबरला मडगावात, म्हणजे आपल्याच अंगणात, सिंगापूरनं 2-1 नं हरवून 2027 च्या आशिया चषकाचं दार आपल्यासाठी बंद केलं होतं. अहमदपूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर त्या रात्री रणकंदन. एक म्हणाला, "आपल्याला आपली अशी स्टाईलच नाही. स्पेनसारखे छोटे पास खेळा." दुसरा म्हणाला, "छोटे पास कसले, लांब मारा आणि पळा." तिसऱ्यानं निकालच लावला, "आपल्या लेकरांच्या अंगात तेवढा दमच नाही बाबा."

तिघंही चूक आहेत असं माझं म्हणणं आहे. का ते सांगतो.

स्टाईल ही वरून बसवायची गोष्ट नाही. आपण तेच करत आलोय. 2019 पर्यंत कॉन्स्टंटाईन साहेब होते, त्यांचा भर सरळसोट, लांब चेंडूच्या खेळावर. मग 2024 पर्यंत स्टिमॅच साहेब, ते म्हणाले चेंडू आपल्याकडेच ठेवा. पंचवीस वर्षांच्या गड्याला शिबिरात बोलावून "आता असं खेळ" म्हणायचं. आमच्या धंद्यात याला रिलीजच्या आदल्या रात्री आर्किटेक्चर बदलणं म्हणतात, आणि त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे.

बेल्जियमचं बघा. 2000 साली युरो स्पर्धा त्यांच्याच घरी (नेदरलँड्ससोबत) होती आणि ते पहिल्याच फेरीत बाहेर पडले. मिशेल साब्लों नावाच्या गृहस्थांच्या पुढाकारानं त्यांनी खेळाची पद्धत ठरवली, पण सुरुवात केली ती चिमुरड्यांपासून. लहान पोरं आधी पाच-पाच खेळणार, मग आठ-आठ, आणि अकरा-अकरा त्याच्यानंतर. सगळ्यात लहान गटांना गुणतक्ताच नाही. 2018 च्या विश्वचषकात बेल्जियम तिसरा आला. मध्ये अठरा वर्षं गेली, हे विसरू नका.

पाच-पाच कशाला? साधा हिशोब आहे. बावीस पोरं, एक चेंडू, साठ मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पावणेतीन मिनिटंसुद्धा चेंडू येत नाही. दहाच पोरं असतील तर सहा मिनिटं येतो. पोरगं चेंडू पायात असतानाच शिकतं, मैदानाच्या कोपऱ्यात उभं राहून नाही. ब्राझीलची पोरं फुटसाल खेळत मोठी होतात, लहान जागा आणि थोडे गडी. त्यांची स्टाईल तिथून येते, कुणाच्या भाषणातून नाही.

आता आपल्याकडं या. तालुका आणि जिल्हा पातळीच्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीनं होतात. आठ संघ आले तर एकूण सामने सात. चार संघ एकेक सामना खेळून परत गाडीत बसतात. त्या पोरांचा त्या वर्षाचा फुटबॉल तिथंच संपला. हेच आठ संघ साखळीत खेळवले तर सामने होतात 28 आणि प्रत्येकाला मिळतात सात. मैदान तेच, पोरं तीच, चेंडूही तेच.

आणि हे कुणाला कळायला पाहिजे? आपल्याला! लातूर पॅटर्नवाल्यांना! मी स्वतः त्यातून आलोय, म्हणून बोलतो. ट्यूशन एरियातला कुठला क्लासवाला वर्षात एकच पेपर घेतो, आणि त्यात मागं पडलेल्या अर्ध्या पोरांना "जा घरी" म्हणतो? फी परत मागायला आईबाप दारात उभे राहतील. पॅटर्न चालला तो सरावावर. पेपर, चुका, पुन्हा पेपर. भौतिकशास्त्राला जे कळतं ते फुटबॉलला का कळू नये? उलट संध्याकाळचे जे दोन तास पोरगं खेळलं असतं, तेही आपण क्लासला देऊन टाकले.

आता महादेवा योजनेबद्दल. 14 डिसेंबर 2025 ला वानखेडेवर खुद्द मेस्सी आला आणि त्याच्या उपस्थितीत राज्याच्या या योजनेचा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालची 60 मुलंमुली निवडून त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती. "60 लेकरांचं भलं झालं तर तुझ्या पोटात का दुखतंय?" असं ग्रुपवर मला विचारलं गेलं. अजिबात दुखत नाही. त्या लेकरांचं चांगलंच व्हावं. पण 36 जिल्ह्यांत 60, म्हणजे जिल्ह्याला दोनसुद्धा नाहीत. ही निवड झाली, याला विकास म्हणू नका. मोंढ्यात सोयाबीनला चाळणी लावतात, पण ते पेरणी झाली, पीक आलं, रास झाली, त्याच्यानंतर. नुसत्या चाळणीनं पीक येत नाही.

गंमत म्हणजे ज्याला बोलावलं त्याचंच उदाहरण घ्या. तेराव्या वर्षी, 2000 साली, मेस्सी बार्सिलोनाला गेला तेव्हा वाढीच्या आजारामुळं वयाच्या मानानं फार बुटका होता. उंची आणि धाव बघणाऱ्या एका दिवसाच्या निवड चाचणीत त्याचं काय झालं असतं? बार्सिलोनानं त्याचे उपचार केले, मान्य. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो रोसारिओतल्या गल्लीतल्या क्लबात, मग नेवेल्समध्ये खेळत होता. आधी रोसारिओ, मग बार्सिलोना.

आपल्याकडं कोल्हापूर आहेच. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा... पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियमवर गर्दी. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं घडवलं हे खरं, पण निवडायला आधी पोरगं खेळत असावं लागतं.

"कोल्हापूरची गोष्ट वेगळी, आपलं काय?" तर आईसलँड ऐका. अख्ख्या देशाची लोकसंख्या लातूर शहरापेक्षा कमी. 2016 च्या युरोत त्यांनी इंग्लंडला 2-1 नं घरी पाठवलं. त्यांनी काय केलं? थंडीत खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली आणि लहान पोरांना शिकवायला प्रशिक्षित माणसं दिली. त्यांना बर्फ आडवा येतो, आपल्याला पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि मे महिन्यातलं ऊन. तरी दिवाळी ते होळी चार महिने मोकळे आहेत की!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अहमदपुरात आठ शाळा, दर रविवारी सकाळी, पाच-पाचची साखळी. दहा वर्षांखाली गुणतक्ता नाही, चषक नाही, सत्कार नाही, पाहुण्यांचं भाषण तर नाहीच. अखिल भारतीय महासंघानं सहा ते बारा वर्षांच्या लेकरांसाठी बेबी लीग सुरू केल्याच होत्या, कल्पना काही माझी नाही. शाळांच्या दोन-तीन क्रीडा शिक्षकांना महासंघाच्या सुरुवातीच्या लायसन्स कोर्सला पाठवायचं. वर्गणी लागली तर ग्रुपवर आपण सत्तरेक जण आहोत, स्टाईलवर टाइप करण्यापेक्षा तेवढं करू.

दहा-पंधरा वर्षांनी त्यातनं एखादं लेकरू पुढं गेलं तर उत्तम. नाही गेलं तरी शंभरेक पोरं चार महिने खेळली, हे काय कमी आहे?

पहिले दोन चेंडू माझ्याकडून. बाकीचं बोला.