पेंडीच्या तेलावर वाढणारा मासा

सातारा आणि सांगली म्हटले की ऊस, हळद आणि द्राक्षे आठवतात. मासे आठवत नाहीत. तरीही कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी आणि वारणेच्या जलाशयांमुळे, तसेच माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण भागांतील शेततळ्यांमुळे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनास या दोन जिल्ह्यांत मोठा वाव आहे. २०१६ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान ठरले. तेव्हापासून तळी, टाक्या, पिंजरे आणि मत्स्यबीज यांची पुष्कळ चर्चा झाली. मत्स्यपालनाच्या चालू खर्चातील निम्म्याहून अधिक वाटा मात्र खाद्याचा असतो आणि त्याची चर्चा पोत्याच्या भावापलीकडे जात नाही. पोत्यात तेल कोणते आहे, हे कोणी विचारत नाही. माशाचे आरोग्य मात्र बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

वनस्पतिजन्य तेल माशांना घालणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. रोहू, कटला, मृगळ यांच्या तळ्यात शेंगपेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात टाकण्याची पद्धत जुनी आहे. घाण्यावरच्या पेंडीत साधारण ६ ते ८ टक्के तेल शिल्लक राहते. कोंड्यात ते १२ ते २० टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे आपला मासा पूर्वीपासूनच वनस्पतींच्या तेलावर पोसला गेला आहे. तरीही तो धडधाकट राहिला, कारण मातीच्या तळ्यात पेंड हे त्याचे पूरक अन्न होते. कटला पाण्यातील सूक्ष्म प्राणी टिपतो, रोहू शेवाळ व वनस्पतिजन्य अन्न खातो, मृगळ तळाशी चरतो. पेंडीत जे नसे, ते पाणी पुरवीत असे.

हा आधार आता सुटत चालला आहे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात मातीशी संबंध तुटतो आणि तळाचे जीवन फारसे उरत नाही. पिंजऱ्यात किंवा टाकीत मासे इतके दाट असतात की नैसर्गिक अन्न त्यांना पुरत नाही. तेथे पूरक अन्न हेच संपूर्ण अन्न होते. अशा वेळी खाद्यात एखादा घटक कमी असला, तर तो भरून काढण्याची दुसरी सोय माशापाशी नसते.

कमी पडणारा हा घटक कोणता? सर्व कण्यांच्या प्राण्यांप्रमाणे माशालाही दोन प्रकारची स्निग्धाम्ले अन्नातून मिळावी लागतात. लिनोलेइक आम्ल ओमेगा-६ कुळातील, तर लिनोलेनिक आम्ल ओमेगा-३ कुळातील आहे. कॉमन कार्प माशाला ही दोन्ही खाद्याच्या प्रत्येकी सुमारे १ टक्का लागतात. तिलापियाची मुख्य गरज पहिल्याची असते. आता आपल्याकडील तेले पाहावीत. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई आणि पाम यांत ओमेगा-३ जवळपास नसतेच. सोयाबीन तेलात ते ७ ते ८ टक्के असते. स्निग्धांश ४ टक्के असलेल्या खाद्यात सगळे तेल सोयाबीनचे आहे असे धरले, तरी लिनोलेनिक आम्ल पोत्याच्या ०.३ टक्केच भरते. गरजेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या प्रदीर्घ संशोधनामुळे सातारा जिल्ह्याचे नाव करडईशी जोडले गेले आहे. परंतु माणसाच्या स्वयंपाकघरात नावाजलेले करडईचे नेहमीचे तेल कार्प माशाच्या दृष्टीने एकांगीच ठरते.

या उणिवेचा धोका असा, की ती लवकर दिसत नाही. मासा खातो, वाढतो, वजनही भरते. गोड्या पाण्यातील माशांवरील अनेक प्रयोगांत माशाच्या तेलाऐवजी वनस्पती तेल वापरूनही वाढ फारशी घटलेली नाही, आणि खाद्य उत्पादक नेमका हाच दाखला देतात. पण वाढ म्हणजे आरोग्य नव्हे. तेलाचा समतोल बिघडला की यकृतात चरबी साठू शकते आणि दाह व रोगप्रतिकार यांचे नियमन करणारी द्रव्ये बदलतात. अटलांटिक सामन माशांवर १९९० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत सूर्यफूल तेलाच्या खाद्याने हृदयाच्या स्नायूंत विकृती आढळली होती. सामन आणि रोहू यांच्यात मोठे अंतर आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. परंतु वरकरणी निरोगी दिसणारा मासा आतून दुबळा असू शकतो, हे त्यातून कळते. हिवाळ्यातील गारठा, पाणी आटणे, प्राणवायू घटणे असा ताण आला की हे दुबळेपण उघडे पडते. मग दोष पाण्याला किंवा मत्स्यबीजाला दिला जातो आणि हात औषधाच्या बाटलीकडे वळतो.

दुसरा प्रश्न तेलाच्या ताजेपणाचा आहे. पाटण, जावळी, शिराळा या भातपट्ट्यांतील गिरण्यांचा कोंडा स्वस्त मिळतो. पण प्रक्रिया न केलेला कोंडा थोड्याच दिवसांत खवट होऊ लागतो. खवट तेल माशाच्या शरीरातील ई जीवनसत्त्व खर्ची पाडते, यकृत आणि स्नायूंना अपाय करते. ओल लागलेल्या पेंडीत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० मध्ये अमेरिकेतील ट्राउट माशांच्या केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथ पसरली. तिचे मूळ खाद्यातील बुरशीयुक्त सरकीच्या पेंडीत सापडले. पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात रचलेल्या पोत्यांच्या संदर्भात ही घटना जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मग माशाच्या तेलाकडे वळावे काय? तो मार्ग महाग आहे आणि टिकाऊही नाही. जगातील माशाच्या तेलाचा मोठा भाग पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हीपासून येतो. २०२३ मध्ये एल निनोमुळे तेथील पहिला मासेमारी हंगाम रद्द झाला आणि तेलाचे भाव कडाडले. सामन उद्योगानेही समुद्रावरचा भार कमी केला आहे. नॉर्वेत १९९० मध्ये सामनच्या खाद्यातील सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून येत. २०१३ पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. त्याची किंमत ग्राहकाने मोजली. स्कॉटलंडच्या संवर्धित सामनमधील आरोग्यदायी ओमेगा-३ चे प्रमाण २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आले. ‘मासा खा, हृदय सांभाळा’ हा सल्ला ऐकून बाजारात जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे, कारण माशाच्या ताटातले तेल शेवटी त्याच्याच ताटात येते.

आपल्या माशांची एक जमेची बाजू आहे. कार्प आणि तिलापिया लिनोलेनिक आम्लापासून पुढची लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले काही प्रमाणात स्वतः तयार करू शकतात. बहुतेक समुद्री माशांना ते साधत नाही. म्हणजे आपल्याला पेरूच्या नव्हे, विदर्भातल्या जवसाच्या दारी जायचे आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते आणि खाद्यातील तेलाचा साधारण एक तृतीयांश भाग जवसाचा असला तरी वर दाखवलेली तूट बरीचशी भरून निघते. मात्र हेच तेल सर्वांत लवकर खवट होते, म्हणून ते ताजे आणि ई जीवनसत्त्वाच्या जोडीने वापरावे लागेल.

हे सारे शेतकऱ्याने एकट्याने करावे, अशी अपेक्षा अन्यायाची होईल. पोत्यावर सामान्यतः प्रथिने आणि स्निग्धांशाची टक्केवारी छापलेली असते. पण ४ टक्के पामचे आणि ४ टक्के सोया-जवसाचे यांत माशासाठी मोठे अंतर आहे. तेलाचा प्रकार, उत्पादनाचा दिनांक आणि खवटपणाची कमाल मर्यादा पोत्यावर छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे. ज्या टाकीला वा पिंजऱ्याला शासन अनुदान देते, तेथे जाणाऱ्या खाद्याचे नमुने तपासण्याची जिल्हा पातळीवर सोय हवी. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारखी संस्था असताना साताऱ्याच्या वा सांगलीच्या शेतकऱ्याने खाद्याची पारख नुसत्या वासावर करावी, हे शोभणारे नाही. तळ्याला अनुदान देताना तळ्यात काय पडते याचीही जबाबदारी घ्यावी लागेल. एरवी त्या अनुदानातून उभे राहील ते केवळ तळे, मत्स्यव्यवसाय नव्हे.