संगणकाची सेवानिवृत्ती

बँकेत नोकरीला लागतानाच माणसाला आपल्या निवृत्तीची तारीख कळते. माझ्या संगणकाची मात्र मला वर्तमानपत्रातून कळली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार संपला, आणि 'विंडोज ११'च्या अटींत माझे दहा वर्षांचे यंत्र बसेना. "काका, भंगारात द्या," दुकानदार म्हणाला. त्याच यंत्रावर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि ते अजून ठणठणीत आहे. शेवटी भाची म्हणाली, "मामा, थांब, फेकू नकोस," आणि एका दुपारी तिने त्यात 'लिनक्स मिंट' बसवून दिले.

लिनक्स मला अगदीच परके नव्हते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ते छंद म्हणून सुरू केले, तेव्हा आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे नुकती रुळत होती. (ती नोकऱ्या खाणार म्हणून आम्ही काळ्या फिती लावल्या होत्या, हेही कबूल करतो.) पुढे टपालाने फुकट आलेली 'उबुंटू'ची सीडी मी एकदा लावून पाहिली. प्रिंटर चालेना, जोडाक्षरे तुटून पडत. चार दिवसांत नाद सोडला.

आता प्रिंटरची वायर जोडली आणि कागद बाहेर आला. इन्स्क्रिप्टने थेट युनिकोडमध्ये लिहितो. 'दुसऱ्या'मधला र नीट उमटतो. ज्याने तो पूर्वी भोगला आहे त्यालाच याचे मोल कळेल.

अडले ते दुसरीकडेच. माझ्या जुन्या हस्तलिखितांच्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टातल्या. उघडल्या की परक्या चिन्हांची रांगोळी दिसते. माझ्या प्रकाशकाकडची अक्षरजुळणी अजून तशाच फॉन्टात होते, आणि त्याचे सॉफ्टवेअर विंडोजपुरतेच. हा दोष लिनक्सचा नव्हे. आपलीच अक्षरे आपण कुलपात ठेवली आणि किल्ली दुसऱ्याकडे दिली. लिनक्सचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो. आम्ही पासबुक देत असू, तेव्हा दहातले नऊ खातेदार ते उघडतही नसत. पण कोणीही मागू शकतो, एवढ्यानेच कारकुनाचा हात सरळ चाले.

मग पुढे काय? जर्मनीतल्या म्युनिक शहराने आपली कचेरी लिनक्सवर नेली आणि २०१७ साली परत फिरण्याचा निर्णय घेतला. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० सरकारी संगणक या वाटेने नेण्याचे जाहीर केले. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. म्हणजे प्रश्न यंत्रणेच्या वयात येण्याचा उरलेला नाही. पडद्यावरची चित्रे आणखी देखणी झाली काय, न झाली काय. बिघडले तर कोणाकडे न्यायचे, हे गल्लीतल्या माणसाला कळायला हवे. माझ्याकडे भाची आहे. शेजारच्या पेन्शनर जोडप्याकडे कोण आहे?

परवा त्याच दुकानदाराला विचारले, तू का बसवून देत नाहीस?

"कोणी मागतच नाही, काका."

"मी मागतोय ना."

तो हसला. येत्या रविवारी भाची त्याच्या दुकानात जाणार आहे. भंगारात निघालेली चार यंत्रे त्याने बाजूला काढून ठेवली आहेत.