इंजिन खोलण्याआधी आवाज ओळखा

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल स्कॉर्पिओ, सफारी किंवा बोलेरो घेणारी मंडळी हल्ली गावोगाव दिसतात. नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेर, घरात माणसं सात, आणि रस्ते कसे आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या गाड्याही एनओसी घेऊन इतर राज्यांत जाऊ लागल्या. व्यवहार होतो, पेढे वाटून होतात आणि महिन्याभरात बॉनेटखालून टकटक सुरू होते. मग काहीजण टेपचा आवाज वाढवतात. काहीजण पहिल्याच मेस्त्रीने "बेरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल" म्हटलं की मान डोलावतात. दोघांनाही माझं सांगणं एकच: आवाज कशाचा आहे हे पक्कं होईपर्यंत गाडी दामटू नका आणि इंजिनाला पानाही लावू देऊ नका.

जुनं डिझेल इंजिन थोडं खडखडणारच. आपल्याला शोधायचा आहे तो त्या खडखडीतून वेगळा निघणारा, एका लयीत पडणारा ठोका. तो ऐकायची खरी वेळ म्हणजे सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला स्टार्ट. गाडी विकत घ्यायला गेलात तर किल्ली मागण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता जा. "तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली होती" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे.

गार इंजिनात पहिले काही सेकंद टॅपेट वाजले तर घाबरू नका. वर तेल पोचलं की ते गप्प होतात. दोन-चार मिनिटं बोदा, पोकळ आवाज येऊन इंजिन तापताच विरला, तर पिस्टन लायनरमध्ये किंचित सैल झाला आहे. असं इंजिन तेल पीत नसेल तर पुढे बरीच वर्षं चालू शकतं. कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगची गोष्ट मात्र उलटी. गार असताना घट्ट तेल ती फट भरून काढतं आणि आवाज दबतो; पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणलं, तेल पातळ झालं, की ठोका उघडा पडतो. म्हणून गाडी दोनदा ऐकायची, एकदा गार आणि एकदा चांगली तापल्यावर. विक्रेत्याने मुद्दाम जाड ग्रेडचं तेल किंवा आवाज दाबणारं डब्यातलं औषध ओतलं असेल, तर तेही या फेरीनंतरच कळतं. ऑइलची पट्टी काढून बघा. डिझेल इंजिनातलं तेल थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यामुळे काळ्या तेलाने नाक मुरडू नका. उलट मधासारखं स्वच्छ तेल दिसलं तर कालपरवाच का बदललं, हे विचारा.

इंजिनाच्या पोटात शिरण्याआधी बाहेरचे आवाज बाद करा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तर संशय फ्लायव्हीलवर किंवा क्लचच्या बेरिंगवर. अल्टरनेटर-एसीचा बाहेरचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवलं आणि आवाज गेला, तर दोष टेन्शनरमध्ये नाहीतर एखाद्या पुलीत. (त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असतो, तेव्हा जास्त वेळ नको.) सायलेन्सरच्या पाइपावरचा सैल पत्रा, तुटलेलं माउंटिंग, ब्रेकचा व्हॅक्यूम पंप यांनीही भल्याभल्यांना चकवलं आहे. ही तपासणी तासाभराची. एवढंही न करता जो इंजिन खोलायला सांगतो, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

खरा घोळ होतो तो इंजेक्टर आणि बेरिंग यांत. कॉमन रेल डिझेलमध्ये झिजलेला इंजेक्टर जास्त किंवा अवेळी डिझेल सोडतो. ते एकदम पेटून असा काही ठोका देतं की बेरिंगच वाटावं. एका दुरुस्तीत इंजेक्टर बदलून भागतं, दुसऱ्यात क्रँक बाहेर काढावा लागतो. फरक ओळखायला आधी जागा ऐका. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावायची जुनी रीत आजही चालते, फक्त फिरत्या पट्ट्यांपासून दूर राहा. इंजेक्टरचा आवाज वर हेडपाशी मोठा आणि धातूसारखा कडक. रॉडचा खाली चेंबरच्या बाजूला, खोल. मग इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर नेऊन एकदम ॲक्सिलरेटर सोडा. वेग उतरताना दोन-चार ठोके ठळक पडले तर बेरिंगचा संशय वाढतो.

पुढची पायरी म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून पाहणं. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून ते करता येतं. इथे एक कळकळीची विनंती. जुन्या पंपाच्या गाड्यांवर मेस्त्री चालू इंजिनात डिझेलच्या पाइपाचा नट सैल करून सिलिंडर मारत. कॉमन रेलवर हा प्रकार अजिबात होऊ देऊ नका. गाडीच्या टायरात दोन-अडीच बार दाब असतो, या पाइपात हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी फाडून आत शिरते. चालू इंजिनावर इंजेक्टरचा कनेक्टरही उपटू नका, तिथे झटका बसण्याइतकं व्होल्टेज असतं.

समजा तिसरा सिलिंडर बंद करताच आवाज घटला. एवढ्यावर निकाल लागत नाही, कारण जोर गेल्यावर सैल बेरिंगही मवाळ होतं. पक्का पुरावा हवा तर तिसरा इंजेक्टर पहिल्या जागी आणि पहिला तिसऱ्या जागी टाकायचा, नवे तांब्याचे वॉशर घालून, आणि गाडीला लागत असेल तर त्यांचे कोड पुन्हा भरून. आवाज पहिल्यात गेला तर चोर इंजेक्टर. तिसऱ्यातच राहिला तर खाली बघावं लागेल. मात्र इंजेक्टरच निघाला म्हणून दुरुस्ती लांबवू नका. गळणाऱ्या इंजेक्टरचं डिझेल तेलात उतरतं, पट्टीवरची पातळी न भरताच वाढते, तेल पातळ होतं आणि मग बेरिंग खरोखरच जातं.

बेरिंगचा संशय पक्का करणाऱ्या तपासण्या दोन, आणि दोन्ही स्वस्त. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी साधा गेज लावून तापलेल्या इंजिनाचा दाब मोजा. गाडीच्या पुस्तकात आकडा नसेल तर दर हजार आरपीएमला सुमारे 10 पीएसआय, हा गॅरेजांतला जुना अंदाज धरा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला आहे यावर विसंबू नका; दाब जवळजवळ संपल्यावरच तो लागतो. दुसरं म्हणजे जुना ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात पसरून बघा. चकचकीत कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. बेरिंगचा थर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो, तो चुंबकाला चिकटत नाही.

पेट्रोल गाडीत घाट चढताना वरच्या गिअरमध्ये खणखण आली तर बहुधा कार्बन साचलेला असतो, इग्निशनचं टायमिंग चुकलेलं असतं किंवा इंधन हलकं असतं. गिअर उतरवा, मग प्लग आणि नॉक सेन्सर तपासून घ्या.

बेरिंग गेल्याचं सिद्ध झालंच, तर नुसते नवे शेल घालून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. क्रँकवर ओरखडे असतील तर तो घासून पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइज बेरिंग बसवावं लागतं, तेलाचे मार्ग आणि ऑइल कूलर साफ करावा लागतो, पंप तपासावा लागतो. हे टाळलं की त्याच चुऱ्याने नवं बेरिंग खाल्लं जातं. भंगारातलं इंजिन घालायचं ठरवलंत तर त्याची कागदपत्रं घ्या आणि नवा नंबर आरटीओत चढवून घ्या. गाडी घेतानाही ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर तो व्यवहार सोडा.

आणि रस्त्यात ठोका येऊ लागला, सोबत तेलाचा लाल दिवा लागला, तर घर चार किलोमीटरवर असलं तरी तिथेच इंजिन बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन करा. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर दुरुस्त करायला फारसं काही शिल्लक राहत नाही.