शर्यत एक, शाळा अनेक

शालेय मैदानी स्पर्धांचे वर्गीकरण आपल्याकडे दोनच गोष्टींवर होते, वय आणि लिंग. 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुले; 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुली. मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. शाळेचा पट किती, खेळाचे शिक्षक आहेत का, मैदान आहे का, हे कोणी विचारत नाही. सगळ्या मुलींना एका रेषेवर उभे केले, शिट्टी वाजली, की झाला न्याय! या न्यायाशी मला भांडायचे आहे. ‘खेळ हा काही आपल्या चळवळीचा प्रश्न नव्हे’ म्हणणाऱ्या मैत्रिणींशीही.

शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा बघा. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. परंतु सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यायचा तो पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे शाळांचे वर्गीकरण सरकार करतेच की! द्यायच्या वेळी करते आणि शर्यतीच्या वेळी विसरते. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या खाडीकाठच्या वाड्यांमधून माणसे मुंबईला गेली, पट रोडावले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या शाळांची छपरेही उडाली. अशा शाळेतली मुलगी कायद्यानेच खेळाच्या शिक्षकाविना वाढते. तिच्या शेजारच्या पट्ट्यात उभी असते एखाद्या प्रकल्पाच्या वसाहतीतल्या शाळेची मुलगी. तिला रोजचा सराव आहे, मार्गदर्शक आहे, पायात काटेरी बूट आहेत. याच किनाऱ्यावरच्या जमिनी देऊन प्रकल्प उभे राहिले, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या कामाच्या गावांतली आठवीतली एक कोळ्याची मुलगी आठशे मीटर धावते. आई पहाटे मासळी घेऊन बाजाराला जाते. पाणी, भाकऱ्या, धाकटा भाऊ हे सगळे आटोपून ही शाळेत येते. सराव समुद्राच्या ओल्या वाळूवर, तोही ओहोटी असेल तेव्हा. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, तेव्हा शेतकरी घरांतल्या मुली लावणीला जुंपलेल्या असतात. ही तालुक्याला धावली, अनवाणी, आणि पाचवी आली. तिथे कपडे बदलायला आडोसा नव्हता, पाळी आली असती तर काय केले असते कोण जाणे. एका पदाधिकाऱ्याने मला ऐकवले, ‘मॅडम, घड्याळ खोटे बोलत नाही.’ घड्याळ खोटे बोलत नाहीच. ते फक्त शेवटची तीन मिनिटे मोजते. त्याआधीची चौदा वर्षे कोणी मोजायची?

‘एक शर्यत हरली तर काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की दहावी-बारावीच्या निकालात खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत त्यांच्यासाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. या दारांची वाट स्पर्धांच्या वरच्या पायऱ्यांवरून जाते. तालुक्यालाच अडलेली मुलगी तिथवर पोहोचणार कशी? आणि खेळाचा ‘उपयोग’ संपला की आईबाप काय म्हणतात, हे आपण घरोघरी ऐकले आहे: पुरे आता धावणे, स्थळे बघू या.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हायस्कुलांचे पटानुसार गट पाडतात. तिथेही पुढे लक्षात आले की नुसता पट पुरत नाही, खाजगी शाळा लांबलांबची मुले निवडून घेतात. म्हणून इलिनॉय राज्यात 2005 साली अशा शाळांचा पट 1.65 ने गुणून गट ठरवण्याचा नियम आला. आपण तो जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. आपल्याकडे पटाबरोबर दुसराही प्रश्न विचारावा लागेल: त्या पटात मुली किती, आणि त्यांतल्या मैदानावर किती येतात? दोनशेच्या पटाची शाळा कागदावर मोठी दिसते, पण मुलींसाठी ती वाडीवरच्या शाळेइतकीच लहान असू शकते.

वेगळा गट केला तर पदक दुय्यम ठरेल, ही भीती खरी आहे. आम्हांला दयेचे पदक नकोच. पण 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली आणि पुढे तिथल्या शाळांच्या स्पर्धा उरलेल्या रायगडपासून वेगळ्या झाल्या. तेव्हा अलिबागच्या पदकाला कोणी दुय्यम म्हटले का? आदिवासी आश्रमशाळांच्या स्पर्धाही प्रकल्प स्तरापासून वेगळ्या होतात. म्हणजे रेघा ओढता येतात. मात्र कारभाराच्या सोयीसाठी ओढल्या की त्या नियम ठरतात आणि मुलींसाठी मागितल्या की सवलत!

आमची मागणी साधी आहे. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे की नाही आणि मुलींचा पट किती, यांवरून तालुका व जिल्हा पातळीवर शाळांचे दोन गट करा. प्रमाणपत्राची किंमत एकच ठेवा. दोन्ही गटांतल्या मुली विभागाला पाठवा, तिथे त्या एकत्र धावतील. श्रीवर्धनच्या मुलीला नेहुलीच्या जिल्हा क्रीडा संकुलात यायचे असेल तर एस.टी.चे भाडे आणि सोबत बाई शिक्षिका द्या.

येत्या हंगामाआधी आम्ही शाळांकडून तीन आकडे गोळा करतो आहोत: मुलींचा पट, खेळाचे शिक्षक, गेल्या वर्षी स्पर्धेला गेलेल्या मुली. तुमच्या तालुक्यातले आकडे संघटनेच्या पत्त्यावर जूनअखेर पाठवा.